नकटीच्या लग्नाला सतराशे ॲप

गेल्या मे महिन्यात माझ्या मामेभावाने मला स्वतःचा चेहरा गुणपत्रिकेसारखा दाखवला. मिरजोळ्यात मामाच्या पडवीत बसलो होतो. फणसाचे गरे समोर, आणि त्याच्या हातात फोन. स्क्रीनवर त्याचा सेल्फी, त्यावर बारीक हिरव्या रेषा, आणि खाली यादी. डोळ्यांमधलं अंतर : सरासरीपेक्षा जास्त. नाकाची रुंदी : सुधारणेला वाव. जबडा : ठीक. एकूण दहापैकी ५.८. सविस्तर अहवाल हवा असेल तर दर आठवड्याला पैसे. पोराने तेही भरले होते, आंब्याच्या पेट्या भरून मिळवलेल्या मजुरीतून.

मग त्याने विचारलं, “ताई, नाकाचं ऑपरेशन किती लाखात होतं?”

त्याचं नाक आमच्या आज्याचं आहे. तेच नाक मामाला आहे, मला आहे, आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांना आहे. एकोणीस वर्षं त्याला त्याची अडचण नव्हती. अडचण एका ॲपने तयार केली, मग तीच सोडवायला पैसे मागितले, आणि यात कुणाला काही गैर वाटलं नाही. “मजा म्हणून करतात गं पोरं,” मामी म्हणाली. मला या “मजा म्हणून”बद्दलच भांडायचंय. कारण ही मजा सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलेली आहे, आणि तेव्हा तिच्या तडाख्यातून महाराष्ट्रही सुटला नव्हता.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकते, म्हणजे कुणी मला मोजपट्टीची वैरीण म्हणायला नको. चेहरा मोजण्यात वाईट काही नाही. माझे डोळे दर दोन वर्षांनी मोजले जातात. चष्म्याच्या दुकानातला माणूस नाकाजवळ पट्टी धरतो आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर कागदावर लिहितो : ६०. मोठ्या माणसांत हे अंतर साधारण ६३ मिलीमीटरच्या आगेमागे असतं, कुणाचं ५५, कुणाचं ७०. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर डोकं दुखतं, म्हणून हा आकडा लागतो. बाळाच्या डोळ्यांमधलं अंतर फारच जास्त किंवा कमी असेल तर बालरोगतज्ज्ञ त्यावरून एखाद्या जन्मजात आजाराची शंका घेतात. हे मोजणं माझ्या कामाचं. ६० म्हणजे ६३ पेक्षा वाईट, असं तो चष्मेवाला मला कधी म्हणाला नाही. त्याच्याकडे मोजपट्टी आहे, उतरंड नाही.

उतरंड आणली हर्बर्ट रिस्लेने. इंग्रज आयसीएस अधिकारी. बंगालमधल्या जातीजमातींवरचे त्याचे ग्रंथ १८९१ पासून यायला लागले, १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त होता, आणि १९०८ मध्ये त्याचं ‘द पीपल ऑफ इंडिया’ आलं. त्याचं हत्यार कॅलिपर. कंपासपेटीतल्या कर्कटकाचा थोरला भाऊ समजा. त्याने नाकाची रुंदी मोजायची, उंची मोजायची, रुंदीला उंचीने भागायचं आणि शंभरने गुणायचं. ७० च्या खाली आलं की अरुंद नाक, ८५ च्या वर गेलं की रुंद नाक. दोन डोळ्यांच्या खोबण्यांच्या बाहेरच्या कडांवर खुणा करून, नाकाच्या मुळावरून टेप टाकून चेहरा किती चपटा हेही मोजायचं. इथपर्यंत फक्त भूमिती आहे. यापुढे रिस्ले म्हणाला की नाक जितकं रुंद, तितकी जात खालची. म्हणजे कोण वर बसेल नि कोण खाली, हे निसर्गानेच नाकावर लिहून ठेवलंय!

आता गंमत बघा. १९०१ च्या जनगणनेत जातींना सामाजिक दर्जाप्रमाणे क्रम लावण्याचा घाट ज्याने घातला, तोच माणूस नाकं मोजून सांगतो की हा क्रम निसर्गात सापडला. परीक्षा घेण्याआधी निकाल लावायचा आणि मग निकालाला जुळतील तसे पेपर तपासायचे. मराठी मुलुखाचं गणित मात्र त्याला जमेना. इथली डोकी त्याच्या हिशेबापेक्षा रुंद निघाली. मग त्याने ‘सिथो-द्राविडी’ नावाचं एक खोकं तयार केलं, म्हणजे शक आणि द्राविड यांची सरमिसळ, आणि त्यात मराठी ब्राह्मण, कुणबी आणि पार खालचे कूर्गी लोक एकत्र कोंबले. रत्नागिरीत जन्मलेले टिळक आणि आमची नाचणी पेरणारी कुणबीण पणजी, शास्त्राच्या दृष्टीने एकाच खोक्यात. दोघांनाही हे कुणी कळवलं नाही, नाहीतर दोघंही चिडले असते.

पण सगळं पाप रिस्लेच्या माथी मारून मोकळं व्हायला मी तयार नाही. तो यायच्या आधीपासून आपल्या भाषेत कॅलिपर होताच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ही म्हण काही इंग्रजांनी आणली नाही. चाफेकळी नाक, नाकीडोळी नीटस, गोरीघारी. स्थळांच्या जाहिराती वाचा, रिस्लेचा तक्ता जसाच्या तसा सापडेल, फक्त आकडे नाहीत. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका मुलीने कौतुकाने विचारलं, “रत्नागिरीची ना तू? मग घारे डोळे कसे नाहीत?” तिच्या डोक्यात रत्नागिरी म्हणजे एक जात आणि त्या जातीचा एक ठरलेला चेहरा. भंडारी, खारवी, कुणबी, बौद्ध, दालदी, मराठे हे सगळे जणू त्या चेहऱ्याच्या मागे उभे असलेले, फोटोत न आलेले लोक. दुसऱ्या एकीला तिच्या मैत्रिणीने म्हटलेलं मी ऐकलंय : “तू अजिबात ‘त्यांच्यातली’ वाटत नाहीस हं.” हे कौतुक होतं. ज्या मुलीला म्हटलं ती हसली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

तर कॅलिपर आपल्या घरातलाच. पण त्याला उत्तर देणारेही आपल्याच घरातले आहेत, आणि हे आम्हाला रत्नागिरीच्या कुठल्याही शाळेत सांगितलं नाही.

पहिले गो. स. घुर्ये. जन्म १८९३, मालवण. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये, तोवर मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, म्हणजे गडी आमचाच. १९३२ च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या पुस्तकात घुर्यांनी रिस्लेचेच आकडे घेऊन पुन्हा हिशेब मांडला. निघालं असं, की जातीच्या उतरंडीप्रमाणे नाकं ओळीत उभी राहतात हे गंगेच्या मैदानात काही प्रमाणात दिसतं, इतरत्र नाही. महाराष्ट्रात तर नाहीच. घुर्ये स्वतः वंशाच्या कल्पनेतून पूर्ण बाहेर पडले होते असं मी म्हणणार नाही, पण ज्याच्या जोरावर रिस्ले बोलत होता तो सर्व हिंदुस्थानाला लागू होणारा नियम त्यांनी मोडून काढला.

दुसऱ्या त्यांच्याच विद्यार्थिनी, इरावती कर्वे. माहेरच्या करमरकर, जन्म ब्रह्मदेशात, पण सासर धोंडो केशव कर्व्यांचं, म्हणजे मुळात दापोली तालुक्यातल्या मुरुडचं. १९२८ मध्ये घुर्यांच्या हाताखाली त्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला आणि त्याच वर्षी बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक कोण, तर ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं तेव्हाचं सर्वांत वजनदार नाव. नवी कोरी संस्था, १९२७ मध्ये उघडलेली. फिशरचा सिद्धांत होता की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजू एकमेकींपासून जास्त वेगळ्या असतात, आणि त्यांच्या तर्कबुद्धीचं, पर्यायाने श्रेष्ठत्वाचं, हेच मूळ. तेवीस वर्षांच्या इरावतीबाईंना काम दिलं : कवट्या मोजा आणि हे दाखवा.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यातल्या काही जर्मनांच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या. आणि त्यांनी लिहिलं की कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. जरा डोळ्यांसमोर आणा. परका देश, परकी भाषा, गाईड असा की ज्याच्या सहीवर पदवी, आणि तुम्ही त्याला लेखी कळवताय की साहेब, तुमचं म्हणणं तुमच्याच कवट्यांत सापडत नाही. पदवी १९३० मध्ये मिळाली, शेरा मात्र बेताचा. पुढे फिशर नाझी पक्षात गेला. आणि याच संस्थेत, युद्धाच्या शेवटच्या वर्षांत, ऑशविट्झच्या छळछावणीतून डॉक्टर मेंगेलेने मारलेल्या कैद्यांचे डोळे काढून पाठवले. वेगवेगळ्या रंगाच्या बुबुळांवर संशोधन चालू होतं म्हणून. तिथे नोंदवह्या व्यवस्थित ठेवल्या जात होत्या. मोजमापात खोट नव्हती.

इरावतीबाईंबद्दल मला एक गोष्ट खटकते आणि ती लपवणार नाही. हे सगळं जवळून पाहिलेल्या या बाईने परत येऊन कॅलिपर खाली ठेवला नाही. डेक्कन कॉलेजात आल्यावर त्या गावोगाव फिरल्या आणि माणसांची डोकी, नाकं, चेहरे मोजत राहिल्या. वि. म. दांडेकरांबरोबर १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या मोजमापांचं आख्खं पुस्तक काढलं. वाड्यावस्त्यांवरच्या ज्या लोकांनी मान ताठ करून, डोळे मिटून, त्या थंड लोखंडाला गाल दिले त्यांना काय वाटलं असेल, हे त्या तक्त्यांत नाही. पण खूप मोजून त्या पोचल्या कुठे? के. सी. मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली, ती १९६८ मध्ये छापून आली. नाव एक, दर्जा एक, आणि तरी हे गट शरीराने एकमेकांपासून वेगळे. म्हणजे ‘ब्राह्मणी नाक’ असं काही नसतं. रिस्लेच्या तक्त्यातला सगळ्यात वरचा रकानाच फुटला.

तिसरे बाबासाहेब. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी घुर्यांनी मांडलेले नाकांचे आकडे हातात घेतले आणि वकिलासारखे उलटतपासणीला लावले. युक्तिवाद साधा आहे. तुम्ही म्हणता ना की नाक मोजून वंश कळतो? ठीक, तुमचंच शास्त्र खरं धरू. मग या आकड्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्राविड असतील तर अस्पृश्यही द्राविड. आता अस्पृश्यतेचं कारण वंशात सापडत नसेल तर दुसरीकडे शोधा, म्हणजे समाजात, धर्मात, माणसांनी केलेल्या नियमांत. कॅलिपर ज्याच्या विरुद्ध उगारला होता त्यानेच तो हातातून काढून घेतला.

१९२३ मध्येच दोन इंग्रज अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं की नाकाची रुंदी हवामानाच्या उष्णतेशी आणि दमटपणाशी जुळते. थंड कोरड्या हवेत नाकं अरुंद, गरम दमट हवेत रुंद. कोकणातली मे महिन्याची हवा ज्याने फुफ्फुसात घेतलीय त्याला यात आश्चर्य वाटू नये. माझ्या मामेभावाच्या नाकात ‘सुधारणेला वाव’ असलाच तर तो अरबी समुद्राला कळवावा लागेल.

“पण हे ॲप कुठे जात सांगतंय? ते फक्त सौंदर्य मोजतं.” बरं, सौंदर्य मोजू. फ्रान्सिस गाल्टनने, ‘युजेनिक्स’ हा शब्द ज्याने १८८३ मध्ये घडवला त्याने, त्याआधी पाच वर्षं एक प्रयोग केला होता. तुरुंगातल्या गुन्हेगारांचे फोटो एकावर एक छापायचे, म्हणजे ‘गुन्हेगाराचा मूळ चेहरा’ उमटेल. उमटला तो एक देखणा माणूस! एकेकाचे खड्डे, तिरकेपणा पुसले गेले आणि उरली सरासरी, जी डोळ्याला बरी वाटते. २०१० मध्ये उत्तर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात ‘आदर्श’ चेहऱ्याचं गणित निघालं : डोळ्यांमधलं अंतर चेहऱ्याच्या रुंदीच्या ४६ टक्के, डोळे ते तोंड अंतर लांबीच्या ३६ टक्के. हे आकडे कुठून आले? तर सरासरी चेहऱ्याचेच आहेत ते. आणि त्या प्रयोगातले चेहरे कुणाचे? गोऱ्या बायकांचे. हे ‘गोल्डन रेशो’ मिरजोळ्याच्या पोराला लावायचं म्हणजे चिपळूणच्या एसटीच्या वेळापत्रकाने लंडनची ट्रेन पकडायला जाणं.

याच गाल्टनने १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात माणसं मोजायची प्रयोगशाळा उघडली. आत जायला तीन पेन्स. ९,३३७ लोकांनी स्वतःला मोजून घेतलं, रांगा लावून. रिस्लेच्या वेळी साहेबाचा माणूस गावात येऊन मोजायचा, तुम्ही नाही म्हणू शकत नव्हता. गाल्टनकडे लोक पैसे देऊन गेले. आमच्या पोरांनी दुसरा नमुना उचलला. कॅलिपर खिशात, पैसे आपले, मापही आपणच काढायचं आणि अहवाल आला की आपणच आपल्याला खालच्या रकान्यात टाकायचं. रिस्लेला एवढं आज्ञाधारक गिऱ्हाईक कधी मिळालं नसेल.

आता हे सगळं फक्त आरशापुढच्या पोरांपुरतं असतं तरी मी कदाचित गप्प बसले असते. पण चेहरा मोजणारं यंत्र मिरजोळ्यात आणखी एका ठिकाणी आलंय.

माझी एक मावशी एमआयडीसीत मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. नाव सांगत नाही, तिची नोकरी आहे. पहाटेची पाळी. आत शिरताना केसांवर जाळीची टोपी, तोंडाला मास्क. वर्षभरापूर्वी दारावर हजेरीचं यंत्र बसलं, चेहरा दाखवला की हिरवा दिवा. तरुण सुपरवायझरला पहिल्या झटक्यात हिरवा. मावशीला नाही. ती पंचावन्नची, वर्ण काळा, गालफडं बसलेली, दोन दात गेलेले, आणि नोंदणी केली तेव्हा कुंकू होतं, आता नाही. यंत्र तीन दिवस तिला ओळखेना. तीनही दिवस ती दाराशी अर्धा-अर्धा तास उभी राहिली, मागे बायकांची रांग. सुपरवायझर म्हणाला, “मावशी, चेहरा नीट करा.” तिने टोपी काढली, केस मागे घेतले, पदराने तोंड पुसलं, डोळे मोठे केले. तीनही दिवसांचा अर्धा रोज कापला गेला.

“यंत्राला जात कळत नाही, रंग कळत नाही,” हे मला एका इंजिनीअर मित्राने ऐकवलं. यंत्राला जे दाखवलं तेवढंच कळतं. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात वुडी ब्लेडसो नावाच्या गणितज्ञाने संगणकाला पहिल्यांदा चेहरे ओळखायला शिकवलं तेव्हा एक माणूस बसून प्रत्येक फोटोतल्या बाहुल्या, डोळ्यांचे कोपरे यांवर हाताने खुणा करायचा, त्यातून वीस अंतरं निघायची. आजची यंत्रं अंतरांच्या यादीऐवजी शेकडो आकड्यांची एक ओळ काढतात, पण शिकतात ती लोकांनी पुरवलेल्या फोटोंवरूनच. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी बड्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. प्रश्न अगदी सोपा होता, चेहरा बाईचा की पुरुषाचा. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. काळ्या-सावळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. मावशीच्या कंपनीतलं यंत्र कुठल्या फोटोंवर शिकलं हे विचारायची सोय तिला नाही, सुपरवायझरलाही नाही.

आणि ही फक्त खासगी कंपनीची गोष्ट नाही. आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली, २९ सप्टेंबर २०१० ला, नंदुरबारच्या टेंभली गावात. तेव्हा सांगितलं होतं की ज्याला ओळख नाही त्याला ओळख मिळेल. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार घ्यायलाही चेहरा पडताळून घ्यावा लागतो. गरोदर बाई, बाळंतीण, कडेवर पोर. समोर अंगणवाडी सेविका हातात फोन धरून, आणि त्या सेविकेने तिला लहानपणापासून पाहिलेलं असतं. नावानिशी, माहेर-सासरनिशी ओळखते ती तिला. तरी फोन ‘नाही’ म्हणाला की ओळख नाही. चोरी थांबवायची म्हणून हे करतात, असं म्हणतात. चोरी थांबवा ना. गोदामाच्या दारावर लावा कॅमेरे, ट्रकवर लावा. कॅमेरा दर वेळी पिशवी घेऊन आलेल्या बाईच्याच तोंडावर का रोखता?

माझं मागणं फार मोठं नाही. जिथे यंत्राने चेहरा ओळखला नाही तिथे चूक यंत्राची धरावी, माणसाची नाही. दाराशी एक वही असावी, सहीची किंवा अंगठ्याची, आणि ज्या दिवशी दिवा हिरवा होणार नाही त्या दिवशी वहीतली नोंद खरी मानावी. रोज कापायचा असेल तर आधी यंत्र बरोबर होतं हे कंपनीने दाखवावं. आणि त्या ॲपबद्दल : ज्याला दहापैकी गुण द्यायचेत त्याने दहा गुणांचा चेहरा कुणाचा, कुठल्या देशातला, कुणी ठरवला, एवढं स्क्रीनवर लिहावं, त्याच हिरव्या अक्षरांत.

मामेभावाला मी हे सगळं सांगितलं नाही, एवढं ऐकायचं त्याचं वयही नाही. मी फक्त आजीच्या ट्रंकेतून आज्याचा मिलच्या ओळखपत्रावरचा फोटो आणून दिला, तो गिरणगावात होता तेव्हाचा. त्याने ॲप उघडलं, फोटोवर धरलं. फोटो जुना, वाळवीने कोपरा खाल्लेला. हिरव्या रेषा थोडा वेळ इकडेतिकडे फिरल्या आणि मग लिहून आलं, चेहरा सापडला नाही. “घ्या, आजोबा नापास पण नाहीत,” तो म्हणाला आणि जोरात हसला. पैसे भरणं त्याने बंद केलंय, ॲप अजून फोनमध्ये आहे.

मावशीच्या कंपनीत बायकांनी एकत्र जाऊन सांगितल्यावर दाराशी वही ठेवलीय. निळ्या पुठ्ठ्याची, दोरीने बांधलेलं पेन. मावशीचा चेहरा पुन्हा नोंदवला, कुंकवाशिवाय, आता बहुतेक दिवशी हिरवा लागतो. कापलेला दीड दिवसाचा रोज अजून मिळालेला नाही. दर महिन्याच्या सात तारखेला ती विचारते.